पेजेच्या हौदापासून: तमिळनाडूच्या सेवासंस्थांविषयी

केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातल्या ना-नफा संस्थांची पहिली मोठी मोजदाद केली, तेव्हा २००८ सालापर्यंतच्या नोंदी तीस लाखांच्या पुढे गेल्या. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता, सुमारे ४ लाख ८० हजार संस्था घेऊन. तमिळनाडू आठवा, १ लाख ४० हजारांच्या आसपास. एवढंच वाचून थांबलं तर संस्था काढाव्यात त्या महाराष्ट्राने, असं वाटून मराठी मन सुखावेल. पण केंद्रीय गृह मंत्रालयाचा २०११-१२ या वर्षाचा परदेशी देणग्यांचा अहवाल उघडला की क्रम बदलतो. त्यात राज्यांमध्ये दिल्लीखालोखाल तमिळनाडू आहे आणि जिल्ह्यांमध्ये चेन्नई देशात पहिली, जवळजवळ ८९० कोटी रुपये मिळवून मुंबईच्याही पुढे. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही थोड्याच वर्षांच्या अंतराने निघालेले. एकात आठवं असलेलं राज्य, दुसऱ्यात पहिलं असलेलं त्याच राज्याचं शहर.

सांख्यिकी कार्यालयाच्या अंतिम अहवालात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. ३१ लाख ७४ हजार नोंदींपैकी सुमारे २२ लाखांचा प्रत्यक्ष माग काढायला माणसं गेली, तेव्हा त्यांना सापडल्या ६ लाख ९४ हजार संस्था. बाकीच्या पत्त्यांवर कुणी नव्हतं, किंवा पत्ताच नव्हता. संस्था नोंदवायला सात माणसांच्या सह्या लागतात. ती बंद पडली तर कळवायला सहसा कुणी जात नाही. शिवाय या नोंदींतला मोठा भाग अलीकडचा. १९७० पर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून दीड लाखही संस्था नव्हत्या आणि १९९१ ते २००० या एका दशकात अकरा लाखांच्या वर नोंदल्या गेल्या. म्हणून एखाद्या राज्याचं सेवाक्षेत्र केवढं, या प्रश्नाचं उत्तर नोंदवहीत शोधणाऱ्याच्या हाती कागदच लागतात, माणसं लागत नाहीत.

मराठी वाचकाला संस्था म्हटलं की धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आठवतं. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देऊळ, वाचनालय, व्यायामशाळा, शाळा यांना एका छताखाली आणलं. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटीसुद्धा आपल्याकडे पुन्हा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवतात. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, वर्ष संपलं की हिशेबपत्रकं. संस्था चालवणारा प्रत्येक माणूस या कार्यालयाच्या नावाने कधी ना कधी उसासा टाकतो. तमिळनाडूत असं सर्वांना एकत्र पाहणारं कार्यालय नाही. सोसायटी असेल तर राज्याचा स्वतःचा १९७५ चा कायदा आणि जिल्हा निबंधक. न्यास असेल तर त्याचा दस्त उपनिबंधकाकडे, घराच्या खरेदीखताच्या शेजारी. कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालची संस्था कंपनी निबंधकाकडे. हिंदू देवस्थानं आणि त्यांना जोडलेले दाननिधी १९५९ च्या कायद्यानुसार हिंदू धर्मादाय खात्याकडे. या व्यवस्थेची सुरुवात १९२० च्या दशकात जस्टिस पक्षाच्या सरकारने केली. मशिदी-दर्ग्यांच्या मालमत्ता वक्फ मंडळाकडे, चर्चच्या त्या त्या पंथाच्या न्यासांकडे. आणि काही जुनी दानपत्रं शासकीय विश्वस्ताकडे, ज्याला चेन्नईत सगळे ‘ऑफिशियल ट्रस्टी’ म्हणूनच ओळखतात. एवढ्या दारांवरून फिरून बेरीज करायची म्हटली तर एकच संस्था दोनदा मोजली जाईल आणि दुसरी मुळीच मोजली जाणार नाही.

तेव्हा मी वेगळा प्रश्न धरून या विषयाकडे पाहतो. संस्था कुणासाठी निघाली? तिच्या आधी त्या माणसाला कुठे जागा होती? चेन्नईच्या अडीचशे वर्षांकडे असं पाहिलं की तिथल्या संस्थांची यादी ही त्या त्या काळात व्यवस्थेबाहेर राहिलेल्या माणसांची यादी होते आणि मग तिच्यातली विविधता गोंधळ वाटत नाही.

या यादीत पहिला येतो भुकेला माणूस. १७८० साली हैदर अलीने मद्रासभोवतालच्या कर्नाटिक प्रांतावर स्वारी केली, शेतं उद्ध्वस्त झाली, आणि १७८२ च्या दुष्काळात खेड्यांतली माणसं मद्रासच्या तटाबाहेर येऊन पडली. तिथे एका गावमुखत्याराने, तमिळमध्ये मणियक्कारराने, पेज वाटायला सुरुवात केली. त्यावरूनच ती ‘मणेगार चोल्ट्री’ झाली. १७९९ मध्ये जॉन अंडरवुड या शल्यवैद्याने तिथे दवाखाना जोडला. भुकेल्यांत आजारी माणसं असणारच. त्या दवाखान्याचं पुढे स्टॅन्ली रुग्णालय झालं, १९३८ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. आज ते सरकारी आहे, अवाढव्य आहे, आणि उत्तर चेन्नईतली जुनी माणसं त्याला अजून ‘कंजी तोट्टी आस्पत्री’ म्हणतात, म्हणजे पेजेच्या हौदाचा दवाखाना. एका दुष्काळातल्या भांड्यातून राज्यातलं एक प्रमुख सरकारी रुग्णालय निघालं, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. सरकार आणि सेवासंस्था ही दोन वेगळी जगं आहेत, असं समजून लिहिणाऱ्यांनी रायपुरमच्या या रस्त्यावरून एकदा जावं.

याच्याहून जुना आणि आपल्याला जवळचा धागा तंजावरचा आहे. भोसले घराण्याच्या राजांनी, आणि विशेषतः राण्यांच्या नावाने, रामेश्वरच्या यात्रामार्गावर अन्नछत्रं उभारली. तिकडे त्यांना छत्रम् म्हणतात. सरफोजी राजे दुसरे यांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाच्या स्मरणार्थ ओरत्तनाडूला बांधलेलं मुक्तांबाळ छत्रम् १८०२ च्या सुमाराचं. राज्य हातातून गेलेलं होतं. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता. तरीही १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, असं आग्रहाने मांडलं. त्या पत्रात छत्रात काय चालतं याचं वर्णन आहे: ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना आणि जोगी, जंगम, बैरागी यांना अन्न, मध्यरात्री घंटा वाजवून अजून जे उपाशी असतील त्यांना हाक, आजाऱ्याला औषध, वैद्य, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची काळजी आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिथे राहण्याची मुभा, मेलेल्याचा अंत्यविधी, मुलांसाठी शिक्षक. आज ज्याला आपण रात्रनिवारा, प्रसूतिगृह, बेवारस मृतदेहांची व्यवस्था अशा निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या अनुदानांनी चालवतो, ते सगळं इथे एका अंगणात होतं. या पत्राचा प्रत्येक मराठी शाळेत परिचय व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. शिवचरित्रानंतर आपण मराठ्यांच्या कर्तृत्वाचा नकाशा पुण्यापाशी थांबवतो. कावेरीकाठची ही राज्यविहीन राजांची करुणा त्यातून निसटते.

तंजावरशीच व्यवहार असलेल्या एका दुभाष्याने मद्रासला दुसरी वाट दाखवली. पच्चैयप्पा मुदलियार १७९४ साली चाळिशीत वारले. मृत्युपत्रात त्यांनी मोठी संपत्ती देवळांना आणि दानधर्माला दिली होती. नंतरची कित्येक वर्षं ती रक्कम भाऊबंदकीत आणि कारभाऱ्यांच्या हातांत अडकली. अखेर ॲडव्होकेट जनरल जॉर्ज नॉर्टन यांच्या प्रयत्नाने मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना आखून दिली आणि देवळांपलीकडे उरलेल्या पैशांतून १८४२ मध्ये शाळा निघाली. मिशनऱ्यांची नव्हे, सरकारची नव्हे, एका हिंदू गृहस्थाच्या पैशांची. पच्चैयप्पा महाविद्यालय त्यातूनच वाढलं. दाता मेल्यावर दानाचं काय होतं आणि न्यायालयाने लक्ष घातलं नाही तर काय होतं, हे दोन्ही या एका प्रकरणात दिसतं. चेन्नईतल्या कितीतरी जुन्या न्यासांची गोष्ट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडते.

यानंतर यादीत बायका येतात, आणि त्या आल्यावर संस्थांचं रूपच पालटतं. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याला जोडून पहिली सामाजिक परिषद झाली. तिच्यामागे न्यायमूर्ती रानडे होते आणि दिवाणबहादूर आर. रघुनाथराव, कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले, विधवाविवाहासाठी मद्रासेत झटणारे. ठराव झाले. पण ठरावांना घर मिळालं ते पंचवीस वर्षांनी, एका बालविधवेकडून. सिस्टर सुब्बलक्ष्मींनी १९११ मध्ये पदवी घेतली आणि १९१२ पासून तरुण विधवांना एकत्र आणून शिकवायला, शिक्षिका करायला सुरुवात केली. मरिनासमोरच्या ‘आइस हाउस’ इमारतीत, जिथे कधी अमेरिकेतून आलेला बर्फ साठवत, त्या मुली राहू लागल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात १८९६ मध्ये जे केलं त्याची ही मद्रासी बहीण. दोन्हीकडचं सूत्र एकच होतं: आश्रय पुरेसा नाही, पगार मिळवता आला पाहिजे.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींचं काम याच वाटेने पुढे गेलं. देवदासी प्रथेविरुद्ध विधिमंडळात लढत असताना आश्रय मागत आलेल्या मुलींसाठी १९३० मध्ये ‘अव्वै होम’ निघालं. बहिणीला कर्करोगाने मरताना त्यांनी पाहिलं होतं, आणि १९५४ मध्ये अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशनच्या निधीतून कर्करोग रुग्णालय सुरू झालं, बारा खाटांचं. ती असोसिएशन १९१७ मध्ये ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास यांनी स्थापली होती, मतदानाच्या हक्कासाठी लढणारी बायकांची संघटना. तिने काढलेलं रुग्णालय. पुढे डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी जन्म त्यातच घातला. २०२१ च्या जानेवारीत शांताबाई गेल्या, तोवर त्या त्याच आवारात राहत होत्या. मुंबईच्या टाटा मेमोरिअलशी इथे तुलना करून पाहावी. तेही एका न्यासाने १९४१ मध्ये उघडलं, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. अड्यारचं रुग्णालय स्वयंसेवीच राहिलं. मुंबईला केंद्राच्या आधारामुळे पैशांची शाश्वती आली, संशोधनाला आवाका आला. अड्यारला दरवर्षी लोकांसमोर हात पसरावा लागला, आणि त्यापायी शहरातल्या हजारो साध्या घरांना ते आपलं वाटत राहिलं. कोणता मार्ग बरा, हे मी ठामपणे सांगणार नाही. एवढंच की दुसरा मार्ग सत्तर वर्षं चालू शकतो, याचा पुरावा चेन्नईत आहे.

मराठी नावं या शहराच्या सेवाजीवनात अनेक ठिकाणी भेटतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले ते मद्रासचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, तिरुवल्लिकेणीच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक. आर्मेनियन स्ट्रीटवर यंग मेन्स इंडियन असोसिएशनने बांधलेल्या सभागृहाला गोखल्यांचं नाव दिलं गेलं. दुर्गाबाई देशमुखांनी १९३७ मध्ये मद्रासेत आंध्र महिला सभा काढली, तेव्हा त्या देशमुख नव्हत्या. चिंतामणरावांशी लग्न १९५३ मधलं, आणि त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. देशभरच्या लहान महिला संस्थांना सरकारी अनुदानाची वाट त्या मंडळाने उघडली. मेरी क्लबवाला जाधव पारशी कुटुंबातल्या. १९३५ मध्ये पती वारल्यावर गिल्ड ऑफ सर्व्हिसच्या कामात पडल्या, महायुद्धात जवानांच्या सोयींसाठी बायकांची फौज उभी केली, आणि नंतर मेजर चंद्रकांत जाधवांशी विवाह केला. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. सेवा करायलाही शिकावं लागतं, तिलाही अभ्यासक्रम आणि परीक्षा असावी, हा विचार तेव्हा बऱ्याच भल्या माणसांना खटकला असणार. आज चेन्नईतल्या संस्थांची व्यावसायिक शिस्त पाहिली की त्याचं मोल कळतं.

आणि खुद्द तिथल्या मराठी माणसांनी काय केलं? तंजावर, कुंभकोणमहून मद्रासेत नोकरीला आलेल्या कुटुंबांनी १९१२ मध्ये मराठा एज्युकेशन फंड स्थापला, गरीब मुलांच्या फीसाठी. १९३७ मध्ये त्याच्या रौप्यमहोत्सवी अंकात दक्षिणी महाराष्ट्रीयांच्या इतिहासाचे लेख छापले. त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्याला तो अंक आजही चाळावा लागतो. असे ज्ञातिनिधी, भाषानिधी चेन्नईत तेलुगूंचे आहेत, गुजरात्यांचे, मारवाड्यांचे, मल्याळ्यांचे आहेत. नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी तर काशीपर्यंत छत्रं बांधली. संकुचित म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडणं सोपं आहे, पण परक्या शहरात पहिली फी, पहिली खोली, पहिली ओळख अशाच निधीने दिली.

संगीत सभांबद्दल थोडक्यात. १९२७ च्या मद्रास काँग्रेसला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी निघाली, आणि आज मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, शहरात ज्या असंख्य सभा ‘कच्चेरी’, म्हणजे मैफली, भरवतात त्या बहुतेक अशाच सोसायट्या आहेत. त्यांचे चिटणीस, खजिनदार बिनपगारी. ना-नफा क्षेत्र म्हणजे केवळ दुःखनिवारण नव्हे, याची आठवण त्या करून देतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यादीत नवी माणसं आली. १९७८ मध्ये जया अरुणाचलम यांनी वर्किंग विमेन्स फोरम काढला, भाजी-मासळी-फुलं विकणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून; मुंबईत प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं त्यानंतर तीनच वर्षांनी. १९८९ मध्ये धर्मपुरीत सुरू झालेले बचतगट नंतर सरकारच्या ‘महळिर तिट्टम’ योजनेतून राज्यभर गेले.  डॉ. सारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी ‘स्कार्फ’ उभारली. १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या दोघींनी ‘द बॅनियन’ काढली, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण बायकांसाठी. कर्जतच्या डॉ. भरत वाटवानींचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या कामाचा अवघडपणा सांगायला नको. रुग्णाची भाषा कळत नाही, गाव आठवत नाही, घरी पोचवली तर घर तिला ओळखेल याची खात्री नाही. सरफोजींच्या पत्रातली मध्यरात्रीची घंटा अशाच कुणासाठी वाजत होती.

२००४ च्या २६ डिसेंबरला समुद्र आत आला. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक नागपट्टिनम जिल्ह्यात. शेकडो संस्था तिकडे धावल्या. एकाच गावात कपड्यांचे ढीग आणि शेजारच्या गावात काहीच नाही, असं झालं. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शेजारी संस्थांचं समन्वय केंद्र उभं राहिलं, कुणी कुठे घरं बांधायची, कुणी होड्या द्यायच्या, याची रोज वाटणी करणारं. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गोंधळाचे आणि शिकण्याचे असेच दिवस आले होते. परदेशी देणग्यांच्या यादीत तमिळनाडू वर दिसतो त्यामागे मिशन रुग्णालयांची आणि शाळांची जुनी परंपरा आहे, आणि त्सुनामीनंतर आलेला ओघही आहे.

तो ओघ आता आटला आहे. परदेशी देणगी कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलांनी एका संस्थेने दुसरीला तो पैसा देण्यावर बंदी आली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. हिशेब चोख हवा, याबद्दल दुमत नाही. पण चेन्नईतली मोठी संस्था निधी मिळवायची आणि तो रामनाथपुरम किंवा विळुप्पुरमच्या गावातल्या लहान संस्थेपर्यंत पोचवायची, ही साखळी एका फटक्यात तुटली. इंग्रजीत प्रस्ताव लिहिता न येणारी, पण गावातल्या प्रत्येक घरात जाणारी कार्यकर्ती त्यात सर्वांत आधी घरी बसली. कंपन्यांच्या सामाजिक निधीने ही पोकळी भरेल, असं २०१४ पासून सांगितलं जातं. कंपन्यांचा पैसा कारखान्याच्या आसपास राहतो, शाळा-दवाखान्यांवर खर्च होतो. दलितांच्या जमिनीच्या हक्कासाठी किंवा वेठबिगार सोडवण्यासाठी तो क्वचितच येतो.

म्हणून तमिळनाडूने आपली एक सार्वजनिक नोंदवही करावी, असं माझं मत आहे. शाळकरी मुलालाही उघडता येईल अशी: संस्था कुणाची, पैसा किती, कुठून, कुणावर खर्च झाला. परवानगी देणारी नव्हे, दाखवणारी. महाराष्ट्रातल्या धर्मादाय कार्यालयांच्या अनुभवातून तिने तपशीलवार नोंद घ्यावी आणि खेटे घालायला लावण्याची सवय टाळावी.

त्या नोंदवहीतही काही गोष्टी मावणार नाहीत, हे धरून चालावं. चित्रतारकांच्या चाहत्यांची मंडळं रक्तदान करतात आणि उन्हाळ्यात पाणपोया घालतात; चैत्र-वैशाखात चेन्नईच्या नाक्यांवर ताकाचे ‘नीर मोर पंदल’ दिसतात. २०१५ च्या डिसेंबरात शहर पाण्यात गेलं तेव्हा कासिमेडूसारख्या कोळीवाड्यांतून माणसं आपल्या होड्या वाहनांवर घालून गल्ल्यांत आली आणि घराघरांतून लोक बाहेर काढले. त्यांच्यापैकी कुणाकडे नोंदणी क्रमांक नव्हता. पुढल्या पानांत संस्थांसोबत अशा माणसांनाही जागा दिली आहे, आणि वाचकाने ती प्रकरणं आधी वाचली तरी चालेल.